सहज उघडणारा खण

मी ‘आ’ अक्षराचा एक जुना लाकडी खण आहे आणि मला माझ्या शेजारच्या ‘अ’चा हेवा वाटतो. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा आधी गुण सांगतात आणि दोष गिळून टाकतात. मी दोषापासूनच सुरुवात करतो, म्हणजे पुढे लपवाछपवी करायला नको. मी आयुष्यभर जळलो. आतल्या आत, धूर न होऊ देता जळलो. आमच्या कपाटातल्या इतर खणांना विचाराल तर ते म्हणतील, ‘आ’ ना? फार गुणी खण! त्यांना काय माहीत?

एका कोशकाराने, म्हणजे शब्दकोश तयार करणाऱ्या माणसाने, सुताराला अठ्ठेचाळीस खणांचे एक कपाट करायला सांगितले होते. सहा रांगा, एकेका रांगेत आठ खण. प्रत्येक खणाच्या कपाळावर पितळी चौकट, चौकटीत एक अक्षर आणि खाली छोटी गोल मूठ. ‘क’चे शब्द फार, म्हणून त्याला तीन खण मिळाले. ‘ङ’ बिचाऱ्याला एकही मिळाला नाही. ‘अ’ आणि मी सगळ्यांत वरच्या रांगेत, एकमेकांना खेटून. आम्ही दोघे एकाच फळीतून निघालो होतो. कसे कोण जाणे, पण सुताराने आधी मला हातात घेतले. माझ्या कडांवरून रंधा फिरवला, बोट लावून पाहिले, पुन्हा एकदा फिरवला. मग ‘अ’ला घेतले. त्याच्यावरून रंधा एकदा फिरला आणि सुताराला घरून जेवायचे बोलावणे आले. परत आल्यावर दुसरा हात द्यायचे त्याच्या डोक्यातून गेले. आमच्या दोघांत फरक पडला तो एवढाच.

पण त्या फरकाने माझे नशीब ठरले. नुसते बोट लावले तरी मी आवाज न करता बाहेर यायचो. ‘अ’ मात्र रोज अडायचा. अडला की कोशकार खुर्चीतून उठायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि त्याला गोंजारायला लागायचे. “ये रे राजा. असा रुसू नकोस. आज काय बिनसलं तुझं?” मग मेणबत्तीचा तुकडा आणून त्याच्या कडांना मेण चोळायचे, हळूहळू हलवायचे, आणि तो निघाला की त्याची पाठ थोपटायचे. हो, पाठ थोपटायचे! काम करायला तयार झाल्याबद्दल! मी दिवसातून चाळीस वेळा उघडायचो. माझ्याकडे न बघताच त्यांचा हात यायचा, चाचपून चिठ्ठी घ्यायचा आणि मला ढकलून द्यायचा. एकोणीस वर्षांत माझ्या वाट्याला मेणाचा एक ठिपकाही आला नाही. माझा तिळपापड व्हायचा, पण मी पुढच्या वेळी पुन्हा तितक्याच मुकाट्याने उघडायचो. दुसरे काही करता येते हे मला माहीतच नव्हते.

आता कोशकारांच्या घराविषयी सांगतो. घरात तीनच माणसे. कोशकार आणि त्यांच्या दोन मुली. मुलींची आई फार लवकर गेली. थोरलीला सगळे ताई म्हणायचे, अगदी तिचे वडीलसुद्धा. धाकटी चिमी. ताई वडिलांना “अहो बाबा” म्हणायची, चिमी “ए बाबा” म्हणायची. एवढ्यावरून तुम्हाला त्या घराची निम्मी ओळख पटेल.

कोशाचे काम पुढच्या खोलीत चालायचे. तळहाताएवढ्या चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचा अर्थ, त्याचे मूळ, विरुद्धार्थी शब्द आणि एक वाक्य. बाबा कच्ची चिठ्ठी लिहायचे, ताई ती सुरेख अक्षरात पक्क्या चिठ्ठीवर उतरवायची. बाबांचा एक नियम फार कडक होता. चिठ्ठीच्या एकाच बाजूला लिहायचे. छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी फक्त पुढची बाजू बघतो. तरुणपणी त्यांनी एकदा मागच्या बाजूलाही शब्द लिहिले होते आणि त्या कोशातून तीस शब्द जगाला न दिसताच नाहीसे झाले होते. म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी ताईला बजावले होते, “मागच्या बाजूला एक अक्षर लिहायचं नाही. समजलं?” पंधरा वर्षांच्या ताईने मान डोलावली होती. त्यानंतर अकरा वर्षे ती त्या टेबलाशी बसली आणि मागच्या बाजूला तिने एक अक्षरही लिहिले नाही.

अक्षर लिहिले नाही. पण चित्रे काढली.

सुरुवात ‘आठवण’ या शब्दापासून झाली. बाबा चष्मा शोधत आतल्या खोलीत गेले होते आणि खिडकीत वाढलेल्या वेलीचे एक पान वाऱ्याने टेबलावर येऊन पडले होते. ताईने लिहिलेली चिठ्ठी उलटी केली आणि बारीक पेन्सिलीने ते पान काढले. शिरा, किडीने खाल्लेली कड, वाळलेला देठ, सगळे. मग ती चिठ्ठी माझ्यात सरळ ठेवून दिली. त्यानंतर हे रोजचेच झाले. पाने, बिया, मुळे, शेंगा, फुटलेले कोंब. आणि हे सगळे फक्त माझ्या चिठ्ठ्यांवर बरे का! ‘अ’ उघडताना कुरकुरतो, सगळ्या घराला कळते. मी आवाज करत नाही. म्हणून ताईने आपले गुपित माझ्या पोटात ठेवले. ‘अ’च्या शेकडो चिठ्ठ्यांमागे एकही पान नव्हते. माझ्या आयुष्यात मिरवण्यासारखे तेवढेच होते, आणि गंमत म्हणजे ते मला कुणापुढे मिरवता येत नव्हते.

ताई माझ्यासारखीच होती. तिच्या चेहऱ्यावर काही दिसायचे नाही, पण मी तिच्या हाताच्या अगदी जवळ असायचो, म्हणून मला कळायचे. चिमीला यायला उशीर झाला की बाबा दहा वेळा खिडकीशी जायचे. ती आली की मागे मागे फिरायचे. “जेवलीस का? कुठं होतीस? रागावलो नाही गं, नुसतं विचारतोय.” चिमी फुगलेली असली तर तिची समजूत काढण्यात अर्धा दिवस जायचा. ताई जेवली का, हे त्यांनी कधी विचारले नाही, कारण ताईच वाढायची. अशा वेळी ताईची पेन्सिल कागदावर जरा जास्त दाबली जायची. चिमीला बाबा विचारायचे. ताईला सांगायचे.

एका दुपारी बाबांनी ‘आज्ञाधारक’ या शब्दाची कच्ची चिठ्ठी लिहिली. ती माझ्यातच राहिली म्हणून मला पाठ आहे. ‘आज्ञाधारक : सांगितलेले निमूटपणे ऐकणारा. वाक्य : थोरली मुलगी आज्ञाधारक असल्याने तिची काळजी करावी लागत नाही.’

कोशकारांची ही एक खोड असते. वाक्य सुचले नाही की ते आपल्याच घरातले उचलतात आणि घरचे लोक ते वाचणार आहेत हे विसरतात. ताईने चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली. तिचा अंगठा बराच वेळ त्या वाक्यावर होता.

“उतरवू का, बाबा?” तिने विचारले.

“थांब, विरुद्धार्थी राहिलाय. नीटसा सुचत नाहीये.”

चिमी खिडकीत पाय वर घेऊन बिस्किटे खात बसली होती. ती म्हणाली, “त्यात काय एवढं? विरुद्धार्थी, चिमी. लिही.”

बाबा इतके हसले की चष्मा कपाळावरून घसरून टेबलावर पडला. ताई हसली नाही. मीही हसलो नाही.

मग बाबांची गाडी मुळाकडे वळली. शब्दाचे मूळ सांगायला मिळाले की त्यांना तहानभूक राहत नसे. “गंमत बघ, चिमे. आज्ञा आणि अवज्ञा या दोन सख्ख्या बहिणी. दोघींचं मूळ एकच, ‘ज्ञा’. ज्ञा म्हणजे जाणणं. एक ऐकते, एक झिडकारते, पण जन्म एकाच पोटी. आणि शुश्रूषा म्हणजे आपण सेवा म्हणतो ना? मुळात तो शब्द म्हणजे ऐकायची इच्छा. आधी ऐकायची इच्छा, मग सेवा.”

“ए बाबा, मग आज्ञेत जाणायचं कुणी?” चिमीने विचारले. “देणाऱ्यानं की घेणाऱ्यानं?”

बाबा थबकले. “हा प्रश्न कोशात बसत नाही,” ते म्हणाले आणि ‘अवज्ञा’ काढायला ‘अ’कडे वळले. ‘अ’ अर्थातच अडला. मेणबत्ती आली.

त्या दिवसापासून बाबा ‘अ’मध्येच अडकले. विरुद्धार्थी शब्द सगळे त्याच्याच पोटात ना! अवज्ञा, अनादर, अवखळ, अडेलतट्टू. एकेक काढायचे, तोलायचे, “छे, हा नाही” म्हणत परत ठेवायचे. माझे सगळे शब्द पक्के होऊन बसले होते, तो एकच कच्चा होता, आणि त्याच्यासाठीसुद्धा बाबा माझ्याऐवजी त्याच्याकडे जात होते! ताईने तर काही दिवसांनी विचारणेच सोडून दिले.

त्याच सुमारास चिमीने खोडरबर शोधता शोधता मला उघडले. ताई बाहेर गेली होती. चिमीचा हात माझ्यात तसा पहिल्यांदाच येत होता. घाईत दोन-चार चिठ्ठ्या खाली पडल्या, तिने त्या उचलल्या आणि उचलता उचलता तशीच जमिनीवर बसली. चिठ्ठीमागून चिठ्ठी उलटून बघत राहिली. चिमी एवढा वेळ गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती. मग तिने चार चिठ्ठ्या निवडून आपल्या वहीत घातल्या आणि मला अगदी हळू बंद केले. खरे सांगतो, चिमी मला डोळ्यांसमोर नको असायची, पण तिने त्या दिवशी मला इतका वेळ न्याहाळले म्हणून मला बरे वाटले. हेवा करणाऱ्याला स्वाभिमान कमीच असतो.

तीन आठवड्यांनी ताईच्या नावाने एक लिफाफा आला. दूरच्या एका शहरात झाडांची मोठी बाग होती. तिथे झाडांचा अभ्यास चालायचा आणि प्रत्येक रोपाचे चित्र काढायला एक चित्रकार हवा होता. चिमीने जाहिरात वाचून त्या चार चिठ्ठ्या पाठवून दिल्या होत्या. बागेने त्या नीट परत केल्या होत्या आणि लिहिले होते की काम तुम्हालाच द्यायचे आहे, होकार एक तारखेपर्यंत आमच्या हाती पडावा.

टेबलाशीच दोघींचे भांडण झाले, कुजबुजत.

“तुला कुणी सांगितलं होतं पाठवायला?” ताई रागाने लाल झाली होती.

“कुणी नाही. सांगितलं असतं तर पाठवली नसती.”

“कोश अर्धा आहे. मी कशी जाणार?”

“बाबाशी बोल.”

“ते जा म्हणाले तर जाईन.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“तर नाही.”

“अगं पण तुला काय वाटतं?”

“मला काय वाटायचंय?” ताई म्हणाली आणि टोक असलेल्या पेन्सिलीलाच पुन्हा टोक करू लागली. मग चिमीचा हात धरून म्हणाली, “माझी शपथ आहे. बाबांना एक शब्द सांगायचा नाहीस.” आणि चिमीने आयुष्यात प्रथमच कुणाचे तरी ऐकले. तेही नेमके नको तेव्हा.

ताईने तो लिफाफा माझ्यात ठेवला, ‘आज्ञाधारक’च्या चिठ्ठीच्या बरोबर मागे. तिला तोंडाने सांगता येत नव्हते. बाबा आज ना उद्या त्या चिठ्ठीकडे येतील, त्यांना लिफाफा सापडेल, ते वाचतील आणि जा म्हणतील, असा तिचा हिशेब होता. मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! बाबा तीनदा आले. तीनदा मी नेहमीसारखा झटकन उघडलो. तीनदा त्यांच्या बोटांनी न बघता ती चिठ्ठी उचलली आणि न बघता परत ठेवली. तिसऱ्या वेळी तर त्यांचे नख लिफाफ्याला लागले. “हे काय मध्येमध्ये,” असे म्हणून त्यांनी तो आणखी मागे सारला. टेबलाशी बसून ताई हे सगळे बघत होती. बाबा पुन्हा ‘अ’कडे वळले. “ये रे राजा,” म्हणाले.

त्या क्षणी मला जे वाटले ते मी सांगून टाकतो. मला ‘अ’ची मान मुरगळावीशी वाटली. खणाला मान नसते, तरी वाटली. आणि मग एक गोष्ट लक्षात आली. ‘अ’मध्ये बाबा वाकून बघायचे, कारण तो अडायचा. जो खण सहज उघडतो त्यात कुणी बघत नाही, नुसता हात घालतात.

शेवटचा दिवस उजाडला. पत्र पोचायला दोन दिवस लागायचे, म्हणजे ताईचा होकार त्या दिवशी चारच्या आत टपालात पडायला हवा होता. आदल्या दिवशी चिमीने खिडकी उघडी टाकली होती आणि पावसाची झड थेट वरच्या रांगेवर आली होती. मी रात्रभर ते पाणी पीत होतो. सुतार म्हणेल, लाकूड फुगले, दुसरे काय? म्हणू दे. मला माहीत आहे मी काय ठरवले होते ते.

जेवणे झाल्यावर बाबा हात चोळत आले. “चला, आज त्या ‘आज्ञाधारक’चा निकालच लावतो.” त्यांचा हात सवयीने माझ्या मुठीवर आला, त्यांनी ओढले आणि मी आलो नाही.

बाबांनी वर बघितले. एकोणीस वर्षांत प्रथमच त्यांनी माझ्याकडे नीट बघितले.

“ताई, हा ‘आ’ उघडत नाहीये.”

“तो? तो तर कधीच अडत नाही.”

“तेच म्हणतोय! याला काय झालं?”

आता मेणबत्ती येईल, असे मला वाटले. लाज वाटते सांगायला, पण मी तिची वाट बघत होतो. मेणबत्ती आली नाही. ‘अ’ अडला की राजा, मी अडलो की याला काय झालं! बाबांना चक्क राग आला. त्यांनी दोन्ही हातांनी माझी मूठ धरली, पाय कपाटाला लावला आणि हिसका दिला. मी धरवेल तेवढे धरले. मग माझी एक बाजू कडाडली आणि मी सगळाच्या सगळा बाहेर येऊन फरशीवर आदळलो. तळाची फळी उभी चिरली. अकरा वर्षांच्या चिठ्ठ्या खोलीभर उधळल्या, आणि बहुतेक पालथ्या पडल्या.

बाबा गुडघ्यांवर बसून त्या गोळा करू लागले आणि थांबले. फरशीवर जिकडे तिकडे पाने होती. त्यांनी एक चिठ्ठी उचलली. शेंग. दुसरी उचलली. मुळे. तिसऱ्या चिठ्ठीवर एका बीचे पोट उकललेले होते आणि आतला कोंब अजून वाकलेला होता. ते गुडघ्यांवरच सरकत सरकत बघत राहिले.

“मागच्या बाजूला...” ते कसेबसे म्हणाले.

“लिहायचं नाही म्हणाला होतात,” ताई म्हणाली. “मी लिहिलं नाही.”

दारातून चिमी फस्‌कन हसली आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला. तोवर बाबांना लिफाफा सापडला होता. त्यांनी चष्मा डोळ्यांवर आणला आणि पत्र वाचले.

“हे कधी आलं?”

“बारा दिवस झाले.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला सापडेल असं ठेवलं होतं. ‘आज्ञाधारक’च्या मागे.”

“पण मी तर तीनदा...” घड्याळात साडेतीन होत आले होते. मग त्यांनी घसा खाकरला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “बरं. मग जा तू. आत्ताच होकार लिहून टाक.”

आणि ताई उठली. जा म्हटले म्हणून निघाली, कागद घ्यायला. जे ऐकायला तिने बारा दिवस वाट पाहिली होती तेच तिला मिळाले होते, पण चिठ्ठी उतरवायला सांगितल्यावर असायचा तसाच तिचा चेहरा होता.

“बाबा!” चिमी ओरडली. “अरे, सांगू नकोस तिला! विचार की! मला विचारतोस तसं तिला एकदा तरी विचार!”

बाबा त्या पानांच्या पसाऱ्यात बसलेले, मी त्यांच्या शेजारी एका कुशीवर पडलेलो.

“ताई,” बाबा म्हणाले. “तुला जायचंय का?”

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. मग मटकन खाली बसली आणि तिला रडू कोसळले. “जायचंय. खूप जायचंय. आणि मला चिमीचा राग येतो. तुमचाही येतो. तिची तुम्ही समजूत काढता. मला नुसती हाक मारता.”

बाबांनी डोळे मिटून घेतले. “माझा राग यायलाच हवा,” ते म्हणाले.

“आणि मला तुझा हेवा वाटतो,” चिमी ताईला म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती. “मला कुणी कधी एक चिठ्ठी उतरवायला दिली नाही. चिमीला काय जमणार, असंच सगळे धरून चालतात.”

मला तेव्हा वर ‘अ’कडे बघावेसे वाटले. मेणाच्या डागांनी त्याच्या कडा काळवंडल्या होत्या, आणि त्याच्या चिठ्ठ्यांमागे एकही पान नव्हते. त्यालाही माझ्याविषयी काही वाटत असेल, हे मला कधी सुचलेच नव्हते.

ताईने दोन ओळी लिहिल्या. चिमी त्या घेऊन अनवाणीच धावली. टपालपेटीवरचा शिपाई पिशवी बांधत होता म्हणे. तिने पत्र त्याच्या हातातच कोंबले.

दुसऱ्या दिवशी माझा सुतार आला. तो आता म्हातारा झाला होता. त्याने मला उलटापालटा करून पाहिले आणि मान हलवली. “हा काही परत बसायचा नाही. नवा करून देतो.”

“नवा नको,” बाबा म्हणाले. त्यांनी माझ्या चिठ्ठ्या बुटांच्या एका खोक्यात लावल्या. लावताना ते प्रत्येक चिठ्ठी उलटून बघत होते, त्यामुळे त्या कामाला चार दिवस लागले.

निघायच्या सकाळी ताईने बाबांना विचारले, “हा खण मी नेऊ का?” मित्रांनो, तिने त्या घरात स्वतःसाठी मागितलेली ती पहिली वस्तू, आणि ती मी होतो. त्या दिवशी ‘अ’चा चेहरा बघायला मला फार आवडले असते, पण मला चादरीत गुंडाळले होते.

आता मी बागेतल्या एका खोलीत टेबलावर असतो. माझ्या तळाला जाड पुठ्ठा लावला आहे. पोटात पेन्सिली, कुंचले आणि वाळलेल्या शेंगा आहेत. मला कुणी उघडत नाही आणि मिटतही नाही. बाबांची पत्रे येतात. चिमी आता चिठ्ठ्या उतरवते, तिचे अक्षर भयंकर आहे, पण चुका बाबांच्या काढते. ‘अ’ अजून अडतो. चिमी त्याला मेण लावत नाही, गुद्दा घालते. आणि बाबांनी असेही लिहिले होते की माझ्या रिकाम्या जागेत अजून त्यांचा हात जातो, आणि मग ते तिथे वाकून बघतात. हे वाचून मला बरे वाटले. उगाच कशाला खोटे बोलू? फार बरे वाटले.

मागच्या महिन्यात पत्रातून एक चिठ्ठी आली. बाबांच्या हातची, पक्क्या शाईत.

‘आज्ञाधारक : सांगितलेले ऐकणारा. वाक्य : आज्ञाधारक मुलीला काय हवे आहे, हे तिला विचारावे लागते. विरुद्धार्थी : ताईला विचारणे.’

ताईने ती बराच वेळ हातात धरली. मग सवयीने उलटी केली. मागे एक पान काढले होते. ते पान आहे हे कळत होते, कारण खाली ‘पान’ असे लिहिले होते. मागच्या बाजूला, बाबांच्या अक्षरात!

ताई हसता हसता रडली. मग तिने एक कोरे कार्ड घेतले. पूर्वीची ताई असती तर त्याच क्षणी तीन शब्द सुचवून, ते सुरेख अक्षरात लिहून मोकळी झाली असती. तिने लिहिले, ‘बाबा, विरुद्धार्थी शब्द विचार करून कळवते. घाई करू नका.’ आणि ती चित्र काढायला बसली. अजून तिने कळवलेले नाही. छापखाना थांबला आहे म्हणे.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा सहज उघडणारा खण असेल. ताईच्या जागी असलेले एखादे माणूसही असेल. रोज आवाज न करता उघडणारे, कधी न अडणारे. त्याला मेण लावा असे मी म्हणत नाही. फक्त हात घालण्याआधी एकदा वाकून बघा. त्याने काय ठेवले आहे ते विचारा. ते तुटेपर्यंत थांबू नका.

एवढे शहाणपण सांगितले तरी माझा मूळ स्वभाव काही गेलेला नाही. बाबांची ती चिठ्ठी माझ्याच अक्षराची, माझ्याच पोटात राहायला हवी होती. ताईने ती समोरच्या भिंतीवर लावली आहे, पान काढलेली बाजू वर करून. मला त्या भिंतीचा हेवा वाटतो.